खिशातल्या लायटरचे इंधन जाते कुठे?

कापराची डबी नीट बंद झाली नाही की महिन्याभरात आतल्या वड्या निम्म्या होतात, हे देवपूजा करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. म्हणून कुणी डबीत चार मिरे टाकून ठेवते, कुणी झाकणाखाली कागद घालते. कापूर कुणी चोरत नाही, तो सांडतही नाही. तो उडून जातो. खिशात मावणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या लायटरचे दुखणेही नेमके हेच आहे. एखाद्या रविवारी तो नीट भरून कपाटात ठेवावा, पंधरा दिवसांनी वीज गेल्यावर अंधारात चाचपडत शोधून काढावा, आणि चाक कितीही फिरवले तरी नुसत्या ठिणग्याच उडाव्यात, असा अनुभव अनेकांना आलेला असतो.

अशा वेळी बहुतेक जण दुकानदाराला दोष देतात. लायटर नकली निघाला, इंधनात भेसळ होती, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. प्रत्यक्षात लायटर ठणठणीत असतो आणि इंधनही चांगले असते. फक्त ते ज्योत न होताच हवेत निघून गेलेले असते. आणि ते गेले ते आपल्याच कपाटातल्या, खिशातल्या किंवा खोलीतल्या हवेत, ही गोष्ट मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे हा प्रश्न चार पैशांच्या नासाडीपुरता राहत नाही. तो घराच्या सुरक्षिततेचाही होतो.

पूर्वी ही तक्रार फारशी ऐकू येत नसे, त्याला कारण आहे. लायटर बाळगणारा माणूस तो दिवसातून दहा-वीस वेळा पेटवी आणि आठवड्याला भरी. त्यातले किती इंधन जळाले आणि किती उडाले याचा हिशेब कोण ठेवणार? आता अनेकांनी सिगारेट सोडली आहे. उत्तमच केले! पण लायटर घरात राहिला आहे. कुणाला तो वडिलांकडून मिळालेला असतो, कुणाला निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेला असतो, कुणाच्या मुलाने तो परदेशातून आणलेला असतो. कधी समई लावायला, कधी मेणबत्ती पेटवायला, कधी गडावर मुक्कामाला गेल्यावर चूल पेटवायला तो उपयोगी पडतो. म्हणजे काम महिन्यातून दोनदा आणि गळती मात्र रोजची. वापर घटला, म्हणून गळती डोळ्यांवर आली.

वापरून फेकून द्यायच्या प्लॅस्टिकच्या लायटरपेक्षा भरता येणारा लायटर बरा, असेही आता पुष्कळांना वाटते. स्वस्त आयात लायटरमुळे आपल्या काडेपेटीच्या धंद्याला फटका बसतो, अशी तमिळनाडूतल्या काडेपेटी उत्पादकांची तक्रार होती. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीस रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर बंदी घातली. फेकण्याऐवजी जपून वापरायचे, तर मग जपायचे कसे हेही समजून घ्यायला हवे.

तीन नावे, तीन गोष्टी

आपल्याकडे 'लायटर' या एकाच शब्दात तीन वेगवेगळ्या वस्तू मोडतात. स्वयंपाकघरात शेगडीजवळ लटकणारा, 'टक्' आवाज करणारा 'गॅस लायटर' हा त्यातला सर्वांत निरुपद्रवी. त्याच्या पोटात गॅसही नसतो आणि तेलही नसते. खटका दाबला की आतल्या एका विशिष्ट स्फटिकावर आघात होतो, त्यातून वीज निर्माण होते आणि टोकाशी ठिणगी पडते. त्यात इंधनच नाही, तेव्हा ते उडण्याचा प्रश्नही नाही.

दुसरा प्रकार पेट्रोल लायटरचा. धातूची डबी, तिच्या आत कापूस, कापसातून वर आलेली वात आणि शेजारी दातेरी चाक. नाव पेट्रोलचे असले तरी त्यात घालायचे इंधन म्हणजे नॅप्था. पेट्रोलियमपासूनच मिळणारा हा एक हलका, रंगहीन द्रव आहे. कपाटात ठेवतात त्या डांबराच्या गोळ्या नॅप्थॅलीनच्या असतात. नावे सारखी वाटली तरी दोन्ही पदार्थ वेगळे आहेत.

तिसरा प्रकार गॅसच्या लायटरचा. यात ब्युटेन वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. म्हणजे हा लायटर त्या सिलिंडरचाच चिमुकला नातेवाईक म्हणायचा.

इंधन निसटण्याची कारणे या दोघांत निराळी आहेत आणि उपायही निराळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. सुरुवात पेट्रोल लायटरपासून करू, कारण खरी तक्रार त्याचीच असते.

जो गुण पेटवतो, तोच उडवतो

जुन्या कंदिलात रॉकेल भरून ठेवले तर ते महिनोन्‌महिने तसेच राहते. मग लायटरमधला नॅप्थाच एवढा उतावळा का? उत्तर ठिणगीत आहे. रॉकेलच्या वातीवर नुसती ठिणगी पाडून कंदील लागत नाही, तिथे जळती काडीच धरावी लागते. कारण नेहमीच्या तापमानाला रॉकेलची पुरेशी वाफ होत नाही, आणि पेट घेते ती वाफ, द्रव नव्हे. नॅप्थाची वाफ मात्र शून्य अंशाखालीही पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणून तर क्षणभराच्या ठिणगीने वात पेटते. ज्या गुणामुळे लायटर पहिल्या फटक्यात लागतो, त्याच गुणामुळे तो न लावताही रिकामा होतो. हा गुण काढून टाकता येणार नाही. वाफेची वाट तेवढी अडवता येईल.

ही ठिणगी देणारा खडा म्हणजे जुन्या चकमकीची गारगोटी नव्हे. ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १९०३ मध्ये लोखंड आणि सीरियमसारख्या धातूंचा एक मिश्रधातू शोधून त्याचे पेटंट घेतले. खरवडला की त्याचे सूक्ष्म कण हवेत आपोआप पेटतात. लग्नाच्या वरातीत झगमगणाऱ्या गॅसबत्तीचे मँटल हेही याच माणसाचे देणे. या खड्यामुळे खिशातला लायटर शक्य झाला, आणि पाठोपाठ इंधन टिकवायचे कसे हा प्रश्नही आला.

ब्रॅडफर्डची डबी

आज जगात सर्वाधिक ओळखीचा पेट्रोल लायटर आहे झिप्पो. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जॉर्ज ब्लेझडेल यांनी १९३२ मध्ये एका मित्राला ऑस्ट्रियन बनावटीचा ओबडधोबड लायटर वापरताना पाहिले. तो वाऱ्यात विझत नसे, पण पेटवायला दोन्ही हात लागत. ब्लेझडेल यांनी त्याला आयताकृती डबी दिली, झाकण बिजागरीने जोडले आणि वातीभोवती भोके असलेली वारारोधक जाळी कायम ठेवली. १९३३ पासून हा लायटर एक डॉलर पंच्याण्णव सेंटला विकला जाऊ लागला. बिघडल्यास विनामूल्य दुरुस्ती, असे आश्वासनही सोबत होते. दुसऱ्या महायुद्धात कंपनीचे सगळे उत्पादन अमेरिकी सैन्याकडे जाऊ लागले आणि सैनिकांच्या खिशातून ही डबी जगभर पोहोचली.

गंमत अशी की, इतकी प्रसिद्धी मिळूनही या डबीला हवाबंद झाकण नाही. झाकणाला रबर नाही, आटे नाहीत. फक्त एका छोट्या स्प्रिंगच्या दाबाने ते मिटून राहते. हा काही विसर म्हणून राहून गेलेला दोष नव्हे. एका हाताने, अंगठ्याच्या एका झटक्यात उघडावे, वाऱ्यात पेटावे आणि मिटताच विझावे, यासाठीच ही रचना आहे. रोज वापरणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली वस्तू आपण महिनाभर कपाटात ठेवतो आणि ती रिकामी झाली की नवल करतो.

वाफ निघते कुठून?

डबीतून आतला भाग ओढून बाहेर काढला की वाफेच्या दोन्ही वाटा दिसतात. पहिली वाट वरची. कापसातले इंधन वातीतून सतत वर चढते आणि वातीच्या टोकावरून उडते. दुसरी वाट खालची. तळाशी नमद्यासारख्या जाड कापडाची एक चकती असते. ती उचलून इंधन भरायचे असते. या चकतीच्या कडेने वाफ झिरपते, आतला भाग आणि बाहेरची डबी यांच्यामधल्या फटीतून वर येते आणि झाकणाच्या सांध्यातून बाहेर पडते. म्हणजे वाटा दोन असल्या तरी बाहेर पडायचे दार एकच : झाकण आणि डबी जिथे मिळतात तो सांधा. सगळा बंदोबस्त तिथे करायचा.

लायटर चांगला आहे की नाही हेही इथेच कळते. झाकण मिटल्यावर सांध्याची रेघ चारही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. बिजागरी सैल होऊन झाकण एका अंगाला कलले असेल तर तिथून इंधन जाणारच. आतला भाग काढताना थोडा जोर लागायला हवा. डबी उलटी करताच तो आपोआप घसरून पडत असेल तर फट मोठी आहे. नकली मालात ही लक्षणे पुष्कळदा आढळतात. भर बाजारात लायटर घेताना नक्षी पाहण्याआधी सांधा पाहावा.

भरण्याची रीत

निम्मी नासाडी भरतानाच होते. काठोकाठ भरलेला लायटर जास्त दिवस चालेल असे वाटते, पण जादा इंधन कापूस धरून ठेवू शकत नाही. ते तळातून गळते आणि खिशात किंवा कपाटात उतरते.

भरताना आतला भाग डबीतून पूर्ण बाहेर काढावा आणि उलटा धरावा. तळाची चकती उचलून तिच्याखालच्या कापसावर इंधन थेंब थेंब सोडावे, मध्ये मध्ये थांबावे. कापूस ओला दिसू लागला आणि पृष्ठभागावर द्रव चमकू लागला की तत्काळ हात आवरावा. चकती नीट दाबून बसवावी, सगळे कोरड्या फडक्याने पुसावे आणि काही मिनिटे तसेच मोकळ्या हवेत ठेवावे. हात साबणाने धुवावेत. त्यानंतरच लायटर पेटवून पाहावा. सांडलेले इंधन हाताला असताना चाक फिरवणे म्हणजे स्वतःच्याच हाताला आग लावणे आहे.

हे काम दिवसाउजेडी, खिडकीजवळ करावे. शेगडी चालू असताना स्वयंपाकघरात किंवा समई तेवत असताना देवघराजवळ मुळीच करू नये. नुकताच वापरलेला, कोमट लायटरही भरू नये.

नॅप्थाऐवजी गाडीतले पेट्रोल घालण्याचा मोह टाळावा. त्याला उग्र वास असतो, त्यात बेंझीनसारखी घातक द्रव्ये असतात आणि आता इथेनॉलही मिसळलेले असते. रॉकेल तर ठिणगीने पेटतच नाही, वर काजळी धरते.

आणखी एक लक्षात ठेवावे. इंधन संपत आले की वातच जळू लागते. ठिणगी पडूनही ज्योत धरत नसेल तर पन्नास वेळा चाक फिरवण्यात अर्थ नाही. वातीचे टोक काळे पडून कडक झाले असेल तर चिमट्याने ती दोन-तीन मिलिमीटर वर ओढून जळका भाग कापावा.

उडणे कमी कसे करावे?

सर्वांत सोपा उपाय सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळतो आणि तोही जवळजवळ फुकट. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी आडवी कापून घ्यावी. ती बांगडीसारखी लायटरवर चढवून नेमकी झाकणाच्या सांध्यावर घट्ट बसवावी. पेटवताना पट्टी खाली सरकवायची, काम झाले की पुन्हा वर. वाफेचे दार बऱ्याच अंशी बंद होते, आणि झाकण खिशात अवचित उघडण्याची भीतीही राहत नाही. गडकोट चढणारे आणि जंगलात भटकणारे लोक हा उपाय करतात. नॅप्थाच्या सहवासात रबर हळूहळू फुगते, मऊ पडते. तसे झाले की नवी पट्टी कापावी.

दुसरा उपाय घट्ट झाकणाच्या लहान डबीचा. पावसाळ्यात बंद खोलीत कपडे वाळत नाहीत, कारण तिथली हवा आधीच दमट असते. तसेच, बंद डबीतली हवा इंधनाच्या वाफेने भरून गेली की आणखी वाफ होणे थांबते. म्हणून डबी जितकी लहान तितके बरे. लायटर जेमतेम मावेल अशी आट्यांच्या झाकणाची धातूची डबी उत्तम. मोठ्या डब्यात ठेवला तर तो सगळा डबा वाफेने भरण्यातच लायटर रिकामा व्हायचा. पण अशी डबी उघडताना आतली वाफ एकदम बाहेर येते. तेव्हा ती विस्तवापासून दूर उघडावी, लायटर बाहेर काढून डबी बाजूला ठेवावी आणि मगच पेटवावा.

तिसरा उपाय जागेचा. कपडे उन्हात लवकर वाळतात, तसाच लायटर उष्णतेत लवकर आटतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे किंवा इंदूर-बडोद्याला खिडकीत ठेवलेला लायटर आणि माजघरातल्या गार कोपऱ्यात ठेवलेला लायटर यांत फरक पडणारच. पँटच्या खिशात तर अंगाची ऊबही त्याला मिळते. शक्यतो तो सावलीत, गार जागी आणि उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास जादा इंधन फटीतून झिरपते.

गार जागा म्हटले की काहींना फ्रीज आठवेल. ते कदापि करू नये! घरगुती फ्रीजमध्ये तापमान राखणाऱ्या खटक्याची आणि दिव्याच्या बटणाची बारीक ठिणगी पडू शकते. बंद फ्रीजमध्ये ज्वालाग्राही वाफ साठणे धोक्याचे आहे. लायटर नाही आणि इंधनाचा डबा तर नाहीच नाही.

उपाय लागू पडतो की नाही, याची परीक्षा घरच्या घरी करता येते. बाजारात मिळणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर ग्रॅमचा दहावा भाग कळतो. लायटर भरल्यावर त्याचे वजन कागदावर लिहून ठेवावे. न पेटवता दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा वजन करावे. मग हेच रबरी पट्टी लावून करावे. आकडे समोरासमोर ठेवले की कुणाचे काही ऐकायची गरज राहत नाही. शाळकरी मुलांना बाष्पीभवन शिकवायलाही हा प्रयोग चांगला आहे. मात्र लायटर हाताळायचा मोठ्यांनी आणि वजने मांडायची मुलांनी.

एवढे करूनही पेट्रोल लायटर पूर्ण हवाबंद होत नाही. त्याला महिनोन्‌महिने भरलेला ठेवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा दुसरी रीत शहाणपणाची. इंधन त्याच्या मूळ घट्ट डब्यात राहू द्यावे आणि प्रवासाच्या किंवा सणाच्या आदल्या दिवशी लायटरमध्ये हवे तेवढेच घालावे. ज्यांना खरोखरच दीर्घकाळ भरलेला लायटर हवा असेल, त्यांच्यासाठी आट्यांचे झाकण आणि आत रबरी कडी असलेले छोटे लायटर मिळतात. शेंगदाण्याच्या आकारावरून त्यांना इंग्रजीत 'पीनट' लायटर म्हणतात. ते उघडायला दोन हात लागतात, पण इंधन महिनोन्‌महिने टिकते. एका झटक्यात उघडणे आणि हवाबंद राहणे या दोन गोष्टी एकत्र नांदणे अवघडच.

गॅसच्या लायटरची गोष्ट वेगळी

ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळतो. म्हणजे आपल्या हवामानात तो द्रव राहतो तो केवळ दाबामुळे. साहजिकच त्याची टाकी मुळातच हवाबंद असते. चांगला गॅस लायटर न वापरता महिनोन्‌महिने भरलेला राहायला हवा. तो आपोआप रिकामा होत असेल तर ती त्याची जात नव्हे, बिघाड आहे. तिथे पट्टी आणि डबी यांचा उपयोग नाही.

बिघाड सहसा दोन ठिकाणी असतो. एक तळाची भरण्याची झडप आणि दुसरी वरची ज्योतीची झडप. झडपेत धूळ बसते किंवा आतली रबरी कडी वाळून चिरते. सिलिंडरचा रेग्युलेटर तपासताना साबणाचे पाणी लावतात, तीच युक्ती इथे चालते. तळाच्या झडपेवर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडावा. बुडबुडे आले तर गळती नक्की. अशा लायटरमध्ये पुन्हा गॅस भरू नये. तो दुरुस्तीला द्यावा किंवा निकालात काढावा. हे पाहणे महत्त्वाचे, कारण स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. लायटरसाठी शुद्ध केलेल्या ब्युटेनला तसा वास पुष्कळदा नसतो. तो नाकाला खबर न देता जातो.

भरतानाही काही पथ्ये आहेत. ज्योतीचे चक्र सर्वांत कमी खुणेवर आणावे. आधीचा उरलेला गॅस आणि हवा बारीक स्क्रू-ड्रायव्हरने झडप दाबून मोकळ्या जागेत काढून टाकावी. लायटर उलटा धरून त्यावर गॅसची बाटली सरळ उभी उलटी टेकवावी आणि तीन ते पाच सेकंद एकसारखी दाबावी. तिरपी धरली की गॅस बाजूने फवारतो. भरल्यावर लायटर गार पडतो. तो नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत काही मिनिटे थांबावे. टाकी पूर्ण भरू नये. द्रवाला तापल्यावर पसरायला जागा लागते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार टाकीत द्रव ८५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. भारतातही २०२३ मध्ये लायटरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आहे. त्यामुळे घेताना मानक चिन्ह पाहून घ्यावे.

गॅस लायटरचा खरा शत्रू ऊन आहे. २० अंशांना ब्युटेनचा जेवढा दाब असतो त्याच्या दुपटीहून अधिक दाब ५० अंशांना होतो. उन्हाळ्यात बंद मोटारीत काचेखाली ठेवलेली वस्तू ५० अंशांच्या पुढे सहज जाते. म्हणून गाडीत लायटर ठेवून जाण्याची सवय आजच सोडावी.

घर, मुले आणि प्रवास

नॅप्थाची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड आणि ब्युटेन दुपटीने जड. दोन्ही वर न जाता खाली बसतात : कपाटाच्या तळाशी, खणात, जमिनीलगत. एका लायटरमधल्या इंधनाने खोली भरत नाही हे खरे. पण बंद खणात कोंडलेली वाफ आणि शेजारीच लावलेली काडी, एवढे भाजायला पुरेसे असते. इंधनाच्या डब्याचा धोका तर त्याहून कितीतरी मोठा. तो डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच, हवेशीर जागी ठेवावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत इंधन ओतून ठेवण्याची सवय तर जिवावर बेतू शकते. मुलाने चुकून ते प्यायले तर बोटे घालून उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते आणि तेच अधिक घातक ठरते. तत्काळ रुग्णालय गाठावे आणि डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावा.

जादा भरलेला लायटर पँटच्या खिशात ठेवला तर झिरपलेले इंधन कापडाखाली कातडीला चिकटून राहते. आग न लागताही तिथे लाल चट्टा किंवा फोड येतो. चुरचुरू लागताच कपडा बदलून ती जागा साबण-पाण्याने धुवावी.

विमानप्रवासाला निघताना लायटर घरीच ठेवावा. आपल्या विमानतळांवर तो तपासणीत काढून घेतात. वडिलांची आठवण अशी कुणा अनोळखी टोपलीत टाकून यावी लागली तर हळहळ कायमची राहते. इंधनाचा डबा तर रेल्वेतूनही नेता येत नाही. तो गुन्हा आहे.

आठवण म्हणून जपायचा असेल तर

काही लायटर पेटवण्यासाठी नसतातच. आजोबांचा लायटर केवळ त्यांचा हात लागला म्हणून जपायचा असतो. असा लायटर रिकामाच ठेवावा, हे सर्वांत सोपे आणि सर्वांत सुरक्षित. आतला भाग काढून एक-दोन दिवस मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर वाळू द्यावा. तळाचा स्क्रू उघडून खडाही बाहेर काढावा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत हा खडा फुगतो, त्याची भुकटी होते आणि ती नळीत घट्ट बसून लायटर कायमचा निकामी करते. जपून ठेवलेले कितीतरी जुने लायटर असेच अडकून बसतात. खडा आणि वात या दोन्ही वस्तू पुन्हा नव्या मिळतात. डबी मात्र तीच राहायला हवी.

झिप्पो असेल तर डबीचा तळ एकदा निरखून पाहावा. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून कंपनी तिथे खुणा उमटवते. आधी ठिपके आणि रेघा होत्या, १९८६ पासून महिन्यासाठी अक्षर आणि वर्षासाठी रोमन आकडा आला, तर नव्या शतकात वर्षाचे साधे आकडे आले. त्या खुणांवरून लायटर कोणत्या वर्षी बनला ते कळते. आजोबांनी तो नोकरी लागल्यावर घेतला की लग्नानंतर, याचा उलगडा कधी कधी या तळाच्या खुणांतून होतो.

थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे आटतेही. ते आटू नये म्हणून करायचे ते थोडेच आहे : सांधा पाहून घ्या, बेताने भरा, पट्टी चढवा, गार जागी उभा ठेवा. आणि ज्या लायटरचे काम संपले आहे त्याला रिकामा राहू द्या. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा चाक एकदा फिरवताच ज्योत उभी राहील, आणि खणातल्या वाफेची काळजीही मनात राहणार नाही.